चवीपुरता ठेवलेला टँक

मित्रांनो, दिसायला मी अत्तराच्या कुपीसारखा आहे. पण मला नाकाजवळ धराल तर तोंड फिरवाल. मी एक जुना व्हेप टँक आहे. व्हेप म्हणजे विजेवर चालणारी सिगारेट. खाली बॅटरीचा डबा असतो आणि त्यावर मला फिरवून बसवतात. माझे पोट काचेचे आहे. त्यात गोड वासाचा चिकट ज्यूस भरतात, डब्याचे बटण दाबतात आणि माझ्या डोक्यावरच्या नळीला तोंड लावून ओढतात. बाकीचे टँक एकाच माणसाच्या वाट्याला येतात. माझे तसे झाले नाही. मी दुकानात नमुना म्हणून ठेवलेला होतो. येईल त्याने मला तोंडात धरावे, चव बघावी आणि स्वतःसाठी नवा कोरा टँक घेऊन जावे, एवढ्यासाठीच मी होतो.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या बायकांनी माझे भाग जोडले. माझ्या काचेवर कोणाच्या बोटाचा डागसुद्धा नव्हता. माझ्या आयुष्यातला स्वच्छ काळ तेवढाच. पुढे मोबाइलच्या कव्हरांच्या खोक्यात, अगदी तळाशी दडून मी हिंगोली जिल्ह्यातल्या जवळा बाजार या गावी आलो. दडून येण्याचे कारण असे, की आपल्या देशात मला विकायला कायद्याने बंदी आहे. मला तेव्हा ते ठाऊक नव्हते. आपण मौल्यवान आहोत म्हणून आपल्याला एवढे झाकून नेत आहेत, असे मला वाटत होते.

सोमेश्वरचे दुकान बाजाराच्या तोंडाशीच होते. समोर मोबाइलची कव्हरे, चार्जर, इअरफोन टांगलेले. मी आणि माझे भाऊबंद गल्ल्याखालच्या खणात. सोमेश्वर तिशीतला, नीटनेटका माणूस. तंबाखू नाही, गुटखा नाही, सुपारीचे खांडसुद्धा नाही. दुकानाच्या पायरीवर कोणी थुंकले, तर तो स्वतः बादली आणून पायरी धुवायचा. असा माणूस माझ्यासारखी वस्तू का विकत होता? त्याची बायको कोमल त्याला हेच विचारायची. तो म्हणायचा, "आपण काय कोणाच्या तोंडात कोंबून राहिलो का? जे मागतेत त्यायला देतो."

खरे कारण दुसरेच असावे. सोमेश्वरने आयटीआयमधून वायरमनचा कोर्स केला होता. नोकरी काही लागली नाही आणि त्याचे शिक्षण कोणी कधी विचारलेही नाही. माझ्यामुळे मात्र गावातली जवान पोरे त्याच्यासमोर स्टूल ओढून बसू लागली. ती त्याला 'इंजिनिअर' म्हणत. तो मला हातात घ्यायचा आणि त्याचा आवाजच बदलायचा.

"हे बघा, ह्याच्या पोटात तारेची कॉइल हाय. तिच्यासंगं कापूस. कापूस ज्यूस पितो, तार तापती, अन् ज्यूसचा धूर व्हतो. तार करंटला जेवढी अडवती, तेवढे तिचे ओहम. एक पॉइंट दोन ओहमची कॉइल असंल तं दहा-बारा वॅटवर चालवायची. धूर कमी, पर गळ्याला बिडीवानी लागतो. अन् पॉइंट तीन ओहमची असंल तं चाळीस-पन्नास वॅट पाहिजेत. मंग निघतेत ढग! टँक घेताना आदी हे ठरवायचं. रंग मागून बघायचा."

"अन् बारा वॅटच्या कॉइलला पन्नास लावले तं?" कोणीतरी विचारायचे.

"कापूस जळतो. चुलीवर पातेलं ठिवलं अन् पाणी घालायचं इसरलं, तसं."

मित्रांनो, हे सारे तो अगदी बरोबर सांगायचा. एकच गोष्ट गाळायचा. तंबाखूत जे विष माणसाला धरून ठेवते, ते निकोटीन माझ्या ज्यूसमध्येही होते. बाटलीवर बारीक अक्षरांत तसे छापलेले होते. "ह्याच्यात काय हाय?" असे कोणी विचारले, की तो म्हणायचा, "फ्लेवर." आंब्याचा फ्लेवर, पुदिन्याचा फ्लेवर, गुलाबजामचा फ्लेवर.

आता माझ्या कामाचे सांगतो. ऐकताना तुम्हाला किळस येईल. मला तर ती रोज सोसावी लागत होती. गुटख्याने लाल झालेली तोंडे माझ्या नळीला लागत. कोणाच्या मिशीला चहाची साय असे, कोणाच्या दातांत दुपारचा ठेचा. कोणी ओढताना खोकायचा आणि त्याचा खाकरा नळीतून थेट माझ्या पोटात उतरायचा. बॅटरीचे वॅट कमी ठेवले, की ज्यूस नीट तापायचा नाही. माझ्या घशात गुरगुर व्हायची आणि कडू थेंब माणसाच्या जिभेवर उडायचे. मग तो तिथेच थुंकायचा आणि हसून मला पुढच्याच्या हातात द्यायचा. आंब्याच्या वासाखाली थुंकीचा वास, त्याच्या खाली जळक्या कापसाचा. एकदा शाळेच्या गणवेशातली मुले आली. सोमेश्वर म्हणाला, "शाळेच्या कपड्यात येऊ नका." मला वाटले, यांना तरी याने हाकलले. संध्याकाळी ती रंगीत टी-शर्ट घालून आली आणि मी त्यांच्याही तोंडात गेलो.

प्रत्येक तोंडानंतर सोमेश्वर मला एका निळ्या रुमालाने पुसायचा. पुसताना तो माझ्याकडे बघत नसे. तो रुमाल एकदा त्याने घरी धुवायला टाकला, तेव्हा कोमलने तो काडीने उचलून अंगणात फेकला. "लेकराच्या दुपट्यासंगं ह्यो धुवायचा न्हाई," ती म्हणाली. "ह्याला काय काय लागलंय, तुमाला म्हाईत हाय ना?" त्या दिवसापासून रुमाल दुकानातच राहू लागला. तो कोणीच धुतला नाही.

गिऱ्हाइकांत शिवशंकर नावाचा एक तरुण होता. तो सोयाबीनच्या मळणीयंत्रावर कामाला जायचा. बिडी ओढायचा आणि ती सुटावी असे त्याला मनापासून वाटत होते. सोमेश्वरने त्याला जास्त ओहमचा, बारा वॅटवर चालणारा टँक निवडून दिला. "ह्यानं बिडी सुटंल. तकलीफ काहीच न्हाई," असे छातीवर हात ठेवून सांगितले. शिवशंकर निघताना केवढा खूश होता! ते पाहून माझ्या मनात आले, आपल्या जातीने एका तरी माणसाचे भले केले.

त्यानंतर एका बाजारच्या दिवशी त्याची आई गोजरबाई दुकानात आली. वेचणीचे दिवस होते. तिच्या लुगड्याला कापसाचे धागे चिकटलेले होते आणि बोटे बोंडांच्या टोकांनी ओरबाडलेली. तिने पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला टँक काढला.

"दादा, ह्ये बघ बरं काय झालं. जळाल्यावानी घाण मारून राहिलं. पोरगं सकाळपून घरात जीव खाऊन राहिलं. म्हणलं, बाजाराला चाललेच, तं दाखवून आनते."

सोमेश्वरने तिला स्टूल दिले. ती बसली आणि टँककडे न बघता बोलत राहिली. "आदी बिडी वढायचा तं वसरीच्या भाईर जाऊन वढायचा. माझ्यासमोर कदी न्हाई. आता जेवता जेवता उठतो, आंथरुणात बी तेच. बिडी तरी सपती, दादा. ह्ये सपतच न्हाई. पर तू म्हणला बिडी सुटती, म्हणून मी गप हाय."

सोमेश्वरने तो टँक उघडला आणि भपकन वास आला. काळा, चिकट, अर्धवट जळालेला लगदा कॉइलला लटकत होता. गोजरबाईने पदर नाकाला लावला, तरी ती वाकून बघत राहिली.

"काय हाय रे ते?"

"कापूस, मावशी."

"ह्यो कापूस हाय?" तिचा विश्वासच बसेना. "कापूस असा बी व्हतो?"

"शिवशंकरनं वॅट वाढवले," सोमेश्वर सांगू लागला. "दोस्तायचे ढग बघितले असतीन, म्हणून पार वर नेले. ही कॉइल बारा वॅटची हाय. नवी टाकून देतो, मंग काही तकलीफ न्हाई." त्याने नवी कॉइल काढली. तिच्या पांढऱ्या कापसावर ज्यूसचे थेंब सोडले. कोरडा कापूस तापवला तर पहिल्याच दमाला जळतो, म्हणून तो आधी भिजवून थोडे थांबावे लागते. सोमेश्वर थांबला होता, तेवढ्यात पायरीवर खोकला ऐकू आला.

सोमेश्वरचे वडील ग्यानबा दारातला खांब धरून उभे होते. खोकल्याची उबळ ओसरेपर्यंत त्यांना आत येता येईना. बिडीने त्यांची छाती केव्हाच खाल्ली होती. सोमेश्वरने धावत जाऊन त्यांना खुर्चीवर बसवले.

"आबा, पाणी देऊ?"

"पानी ऱ्हाऊ दे." ग्यानबांनी श्वास गोळा केला. "डाक्टर म्हणला, बिडी बंद करा, न्हाई तं आता नाकाला नळी लावूनच ऱ्हावं लागंल. मला तं सुटून न्हाई राहिली. अन् आज बाजारात कळलं, बिडी सोडायची चीज माझ्याच लेकाच्या दुकानात हाय म्हणं! जो भेटला तो सांगून राहिला. अरे, साऱ्या गावाला देऊन राहिलास, बापाला काहून न्हाई सांगितलंस?"

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. मुलाने आपल्याला विसरावे याचे थोडे वाईट वाटले होते आणि त्याच्याकडे अशी वस्तू आहे याचा अभिमानही होता. मी गल्ल्यावरच होतो. त्यांनी मला उचलले. "ह्येच का?" असे म्हणून मला ओठांकडे नेले.

सोमेश्वरने झडप घालून मला हिसकावले. एवढ्या जोराने, की माझे झाकण सैल होऊन ज्यूस उडाला आणि ग्यानबांच्या पांढऱ्या सदऱ्यावर ओघळला.

"आबा, तोंडाला लावू नका ते!"

"काहून?"

"ते तुमच्यासाठी न्हाई."

"माझ्यासाठी काहून न्हाई? मलाच तं सोडायची हाय."

"तुमची छाती आदीच..." सोमेश्वर अडखळला. "आबा, न्हाई म्हणलं ना! ती वढायची चीज न्हाई."

बाहेर बाजाराचा गलका चालू होता. गोजरबाई स्टुलावरून हळूच उठली.

"मंग माझ्या पोराला काहून दिलीस?"

सोमेश्वरने तिच्याकडे पाहिले आणि तोंडाला सवयीचे होते तेच बोलू लागला. "मावशी, तसं न्हाई. त्यानं वॅट जास्त लावले. ओहमच्या हिशेबानं चालवलं असतं तं..."

"मला तुजं ओहम न्हाई समजत, बाबा. ह्यायला जे चालत न्हाई, ते माझ्या लेकराला कसं चालतं, तेवढं सांग."

ती ओरडली असती तर सोमेश्वरला बरे झाले असते. भांडण करून मोकळे होता आले असते. ती उत्तराची वाट बघत उभी होती. ग्यानबाही त्याच्याकडेच बघत होते, सदऱ्यावरचा गोड वासाचा डाग हातात धरून.

"त्याच्यात तंबाखूचंच इख हाय," सोमेश्वर शेवटी म्हणाला. "बिडीत असतं तेच."

"तू तं फ्लेवर म्हणला व्हतास."

गोजरबाईने दुरुस्तीला आणलेला टँक गल्ल्यावरच सोडला. बोटाला ज्यूस लागला होता, तो ती लुगड्याला पुन्हा पुन्हा पुसत होती. दारात जाऊन ती वळली. "तूच येऊन सांग त्याला. मी सांगितलं तं म्हणंल, माय अडाणी हाय. तुजं आयकतो तो."

ती गेल्यावर ग्यानबा म्हणाले, "मी बिडी वढतो, सोमेश्वर. मला त्याची लाज वाटती. पर मी कदी कोणाला म्हणलो न्हाई का वढ म्हणून." सोमेश्वरने त्यांच्या सदऱ्यावरचा डाग ओल्या बोटांनी चोळून काढायचा प्रयत्न केला. तो पसरत गेला. मग त्याने मला बॅटरीच्या डब्यासकट खिशात कोंबले, दुकानाचे शटर ओढले आणि तो शिवशंकरला शोधायला निघाला.

शेतात मळणी चालू होती. भुसा असा उडत होता, की माणसे धुक्यात असावीत तशी दिसत. शिवशंकर तोंडाला फडके बांधून यंत्रात सोयाबीन लोटत होता. सोमेश्वरला पाहताच तो फडके सोडत पळत आला.

"झालं का दुरुस्त? आना बरं!"

"शिवशंकर, आदी आयक." आणि सोमेश्वरने त्याला सगळे सांगितले. ज्यूसमध्ये काय आहे ते, आणि आपल्याला ते पहिल्यापासून ठाऊक होते तेही.

शिवशंकर आधी हसला. थट्टा असावी असे त्याला वाटले. मग त्याचा चेहरा उतरला. "म्हणून व्हय," तो म्हणाला. "म्हणून मला जमून न्हाई राहिलं. मी म्हणलो, आपल्यातच काही कमी हाय. दादा, आता मला बिडी बी लागती अन् ह्ये बी लागतं. सकाळपून न्हाई भेटलं तं डोकं फुटून राहिलं. आता मी काय करू?"

शिवशंकरची नजर सोमेश्वरच्या खिशातून डोकावणाऱ्या माझ्या नळीवर गेली. जे ऐकायचे ते सगळे ऐकून झाले होते, तरी त्याने हात घातला, मला काढले आणि तिथेच, भुसा चिकटलेल्या ओठांत धरून, बटण दाबून जोराने ओढले. माझ्या पोटात ज्यूस उरला नव्हता. कोरडा कापूस पेटल्यासारखा जळाला आणि तो धूर सरळ त्याच्या घशात गेला. तो खोकत खाली बसला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, तोंडातून लाळेची तार. आणि त्यातच त्याने मला पुन्हा ओठांकडे नेले.

सोमेश्वरने मला त्याच्या तोंडातून ओढून काढले. माझ्यावरची लाळ त्याच्या बोटांना लागली. इतकी तोंडे न बघता पुसणारा तो माणूस बांधाकडे गेला आणि त्याला भडभडून ओकारी आली. यंत्रावरची माणसे बघत राहिली. ओकून झाल्यावर त्याने मूठभर मातीने हात घासले, परत येऊन शिवशंकरच्या शेजारी बसला आणि म्हणाला, "उद्या हिंगोलीला चल. आबाला बी घेऊन चाललो. सरकारी दवाखान्यात तंबाखू सोडवतेत. मी संगं असतो."

"सोडवतीन का?"

"म्हाईत न्हाई. पर आता डाक्टरला इचारल्याबिगर मी काही सांगणार न्हाई."

जिल्हा रुग्णालयात दाखवायला म्हणून त्याने मला पिशवीत घालून नेले. तिथल्या बाकावर ग्यानबा आणि शिवशंकर शेजारी शेजारी बसले होते. म्हातारा खोकायचा, मग तरुण खोकायचा. डॉक्टरीण बाईंनी मला दोन बोटांत धरून पाहिले आणि लगेच कागदावर ठेवले.

"हे औषध आहे असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

सोमेश्वर म्हणाला, "मीच सांगत व्हतो, मॅडम." बाईंनी त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिले, त्या नजरेने तोपर्यंत लोक फक्त मलाच बघत आले होते.

त्यानंतर सोमेश्वरने खण रिकामा केला. त्याने माझे भाऊबंद फोडले, ज्यूसच्या बाटल्या त्या डॉक्टरीण बाईंना विचारून नष्ट केल्या. गिऱ्हाइके अजून येतात. तो नाही म्हणतो आणि ज्यूसमध्ये काय असते तेही सांगतो. काही पोरे हसतात, "इंजिनिअर सुधरला" म्हणतात आणि मोटारसायकल दुसरीकडे वळवतात. विकणारे कुठेतरी असणारच. सोमेश्वर त्यांच्यामागे थोडे अंतर जातो, हाक मारतो, मग परत येतो. ग्यानबांची बिडी कमी झाली आहे, सुटलेली नाही. शिवशंकर मध्ये एकदा सुटला, पुन्हा सापडला, आता पुन्हा दवाखान्यात जातो. परवा गोजरबाई दुकानासमोरून जाताना थांबली. ती आत आली नाही. रस्त्यावरूनच म्हणाली, "काल रात्री पोरगं जेवन हुईस्तोवर ताटावरून उठलं न्हाई." एवढे सांगून ती गेली.

मी सध्या दुकानातच, पत्र्याच्या एका डब्यात, निकामी बॅटऱ्यांच्या संगतीत पडलेला आहे. विजेचा कचरा गोळा करणारी गाडी आली, की मी जाईन. मला उकिरड्यावर का टाकले नाही, तर एखाद्या लेकराने उचलून तोंडात घालू नये म्हणून.

मित्रांनो, जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगतात आणि शेवटी विनवतात, आम्हाला जपा, आमची आठवण ठेवा. माझे मागणे उलटे आहे. मला जपू नका. माझ्यावर दया करू नका आणि केवळ चव बघायला म्हणूनही मला हात लावू नका. जपायचेच असेल तर स्वतःची छाती जपा; ती तुम्हाला दुकानात दुसरी मिळणार नाही. आणि कधी कोणी गोड हसून माझ्यासारखी वस्तू तुमच्यापुढे धरली, ओहम आणि वॅटची मोठी मोठी माहिती सांगितली, तर त्याला एवढेच विचारा, "हे तुम्ही तुमच्या घरात देता का?" विचारून झाले, की त्याच्या चेहऱ्याकडे नीट बघा.